दाजींची निर्जळी फौज

नगर जिल्ह्यानं फौजा कमी पाहिलेल्या नाहीत. इथं भुईकोट किल्ला आहे, शहराबाहेर रणगाडे आहेत, आणि पारनेरपासून शेवगावपर्यंत गावोगाव सैन्यातून निवृत्त झालेली, पहाटे चारला उठून शेजाऱ्यांनाही उठवणारी माणसं आहेत. जिल्ह्याचं नाव बदललं, पण त्यांची उठायची वेळ काही बदलली नाही. तरीही मी छातीठोकपणे सांगते, की या जिल्ह्यात आमच्या दाजींसारखा सेनापती झाला नाही. त्यांची फौज साठ जणांची. एकेक सैनिक सव्वा इंच उंचीचा. सगळी फौज लस न्यायच्या थर्माकोलच्या डब्यात राहते, आणि गेल्या काही वर्षांत या फौजेनं पुण्या-मुंबईच्या शिकल्यासवरल्या लोकांची जी त्रेधा उडवली आहे, तिची हकिकत ऐकून इतिहासाचे मास्तर माझ्याकडे दयेनं बघतात. बघू देत. मीही छत्तीस वर्षं मास्तरकी केली आहे, मला मास्तरांच्या नजरेची भीती नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मुक्काम देवळाली प्रवरा, चारी बाजूंनी ऊस. सरकारी हुद्दा पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे लोकांच्या भाषेत गाई भरवणारे डॉक्टर. दुचाकीच्या मागं थंड नत्राचं भांडं बांधायचं, त्यात वळूच्या गोठवलेल्या बीजाच्या बारीक रंगीत कांड्या, आणि राहुरी तालुक्यातल्या गोठ्यागोठ्यांतून हिंडायचं, ही त्यांची नोकरी. या कामानं त्यांना एक नजर दिली, आणि ती नजर त्यांना घरी आल्यावर बाजूला काढून ठेवता आली नाही. समोर कोणीही आलं, की दाजी आधी त्याच्या पायांकडे, मग छातीकडे आणि शेवटी चेहऱ्याकडे बघतात. चर्चमध्ये बाळाचा बाप्तिस्मा असला, आणि बाकी सगळे ‘किती गोड’ म्हणत असले, की दाजी हळूच म्हणणार, “हाडपेर चांगली हाय. आजोबावर गेलंय.” मला बघायला आलेल्या मुलाविषयी वडिलांनी त्यांचं मत विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, “खांदा रुंद हाय, स्वभाव गरीब हाय. खुराक वाढवला तर कामाला येईल.” तो मुलगा म्हणजे माझे यजमान. ते हयात होते तोवर जेवताना दुसरी भाकरी घेतली की म्हणायचे, “दाजींनी सांगितलंय, खुराक वाढवा.”

दाजींना कुठलीही गोष्ट अर्धवट करता येत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोंबड्या पाळल्या, तर प्रत्येक कोंबडीच्या आजीचं नाव त्यांना पाठ. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं अडलं, तर शब्द सापडेपर्यंत घरात चहा होत नसे. लग्नाला जायचं असलं की वधू-वरांच्या दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या आधी समजून घेणार, आणि मंडपात पोचेपर्यंत अक्षता पडून गेलेल्या असणार. अक्का म्हणायची, “सरकारनं ह्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत सांभाळलं, आता मलाच सांभाळायचंय.” तिला तेव्हा फौजेची कल्पना नव्हती.

त्यांची लेक पुण्यात नोकरीला आहे. निवृत्तीनंतर दोन महिने दाजी आणि अक्का तिच्याकडे जाऊन राहिले. तिथं पुरुष माणसाला दिवसभर करायला काही नाही. एका रविवारी दाजी इमारतीच्या खालच्या सभागृहात डोकावले, तर मोठ्या टेबलावर प्लॅस्टिकचे डोंगर, मोडकी गावं, आणि त्यांच्यात रंगवलेले चिमुकले सैनिक. चार तरुण टेप धरून इंचात अंतरं मोजत होते, फासे टाकत होते आणि वहीत काही लिहीत होते. दाजी अर्धा तास बघत उभे राहिले. मग त्यातल्या एकानं भल्या मनानं त्यांना समजावलं, की हा भविष्यकाळातल्या युद्धाचा खेळ आहे, आणि हे सैनिक साधे नाहीत. प्रयोगशाळेत जनुकं बदलून, निवडून निवडून घडवलेले आहेत. आठ फूट उंची, पोलादी हाडं, भीती नाही, झोप नाही.

दाजींनी चष्मा पुसला. एक सैनिक हातात घेऊन त्याचे पाय पाहिले, छाती पाहिली. म्हणाले, “ह्यांची आई कोन?”

“काका, यांना आई नसते. टाकीत वाढवतात.”

“टाकीत तर टाकीत. पन मूळ बीज कोनाचं? एवढा सांगाडा धरलाय, तर गुडघं किती वर्सं टिकत्यात? खुराक किती लागतो? उन्हात धापा टाकतो का न्हाई?”

मुलं पुन्हा टेप लावून अंतरं मोजायला लागली. अक्का सांगते, दाजी वर आले ते कोणी घरी बोलावून अपमान केल्यासारखे. जेवतानाही तेच. “लई वाईट पैदास. निस्ता आकार वाढवलाय. अगं, दूध वाढलं की ऊन सोसत न्हाई. अंग वाढलं की पाय बसत्यात. एक गुन घेतला की एक द्यावाच लागतो. जो म्हनतो काहीच द्यावं लागलं न्हाई, तो वळू विकायला बसलाय!”

देवळालीला परतल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. “मास्तरीणबाई,” ते मला मास्तरीणबाईच म्हणतात, “तुमचे ते निर्जळे कुठं हायेत?”

मला आधी काही उमगलंच नाही. मग उमगलं, आणि कान तापले. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एक विज्ञानकथा लिहिली होती. शाळेची सहल भंडारदऱ्याला गेली होती, त्यानंतर. पुढच्या काळात एका मोठ्या धरणावर राखण करायला शास्त्रज्ञ खास सैनिक घडवतात, महिनोन् महिने पाण्याशिवाय जगणारे, कारण ज्याला तहानच नाही तो पाणी चोरणार नाही. त्यांचं नाव निर्जळे. हजारो निर्जळे भिंतीवर उभे, खाली तहानलेली गावं. आणि एके दिवशी त्यातल्या एकाला, एक्केचाळीस नंबरला, तहान लागते. एवढीच गोष्ट. ती एका छोट्या दिवाळी अंकात छापून आली. तो अंक त्यानंतर एकदाच निघाला आणि बंद पडला. मी ज्या शाळेत होते तिथल्या शिक्षकांच्या खोलीत ती एकानं मोठ्यानं वाचून दाखवली, आणि पुढं महिनाभर कोणी माठातून पाणी प्यायला उठलं की ‘बाई, तुमचे निर्जळे पीत नाहीत ना?’ असं विचारून सगळे हसत. मी पुन्हा कथा लिहिली नाही. माझ्याकडचा अंक वाळवीनं खाल्ला, तेव्हा मला थोडं सुटल्यासारखंच वाटलं होतं.

“ती गोष्ट गेली दाजी,” मी म्हटलं. “वाळवीनं खाल्ली.”

“तुमची खाल्ली. माझी हाय की.” दाजींनी ती बारा पानं कापून, पुठ्ठ्यात बांधून, लाळ-खुरकुताच्या लसीच्या माहितीपत्रकांबरोबर इतकी वर्षं जपून ठेवली होती. “जगात तुमीच एकट्यानं सैनिकाची पैदास कशासाठी करायची ते आधी ठरवलंय. मी ह्या निर्जळ्यांची फौज करतो. तुमची परवानगी पायजे.”

मी परवानगी दिली. खरं सांगायचं तर हा नाद आठवडाभरात उतरेल अशा हिशोबानं दिली.

दाजींनी कामाला सुरुवात केली ती शेळ्यांपासून. निर्जळा पाण्यावाचून राहतो म्हणजे त्याचं शरीर कसं असेल, हे ठरल्याशिवाय मूर्ती करायची नाही, असा त्यांचा हट्ट. मग ते महिनाभर सकाळच्या गाडीनं संगमनेरकडं जात आणि माळावरच्या शेळ्या बघत बसत. एका मेंढपाळानं त्यांना सरकारी माणूस समजून आपल्या तक्रारी सांगितल्या. दाजींनी त्या ऐकून घेतल्या, दोन शेळ्यांना औषध सांगितलं आणि सावलीत कोणती शेळी कशी उभी राहते याची चित्रं काढून घेतली. त्यातून निर्जळा ठरला: अंगानं किडकिडीत, कारण मोठ्या अंगाला पाणी जास्त, कान लांब आणि लोंबते, कारण कानातून अंगातली उष्णता जाते, खांदे पुढं झुकलेले, आपलीच सावली आपल्या छातीवर पडावी म्हणून. माझ्या कथेत मी ‘उंच, देखणे, तेजस्वी डोळ्यांचे’ असं लिहिलं होतं. दाजींनी ते सभ्यपणे बाजूला ठेवलं. “तेजस्वी डोळं ठिवू. बाकीचं तुमी तरुन व्हता म्हनून लिवलंय.”

मूर्ती केल्या नळाची गळती बुजवायच्या पुट्टीच्या, आत कुंपणाच्या तारेचा सांगाडा. बंदुका कशाच्या केल्या असतील? नत्राच्या भांड्यातल्या त्या रिकाम्या रंगीत कांड्यांच्या. ज्या नळ्यांतून तालुक्यातली निम्मी वासरं आली, त्याच नळ्या सैनिकांच्या खांद्याला लागल्या, आणि गीरच्या कांडीवाली तुकडी वेगळी, जर्सीच्या कांडीवाली वेगळी, असं रंगावरून ओळखता यायला लागलं. सैनिक वाळायला गच्चीवर, अक्काच्या कुरडयांशेजारी. एकदा पाहुण्यांसमोर कुरडया तळताना एक काही केल्या फुलेना. अक्कानं झाऱ्यानं उलटीपालटी करून पाहिली, तर ते एका निर्जळ्याचं धड. दाजींनी ते कढईतून काढून टिपकागदावर ठेवलं, आणि पाहुण्यांना म्हणाले, “उष्णता सोसतो. बघा, भेग न्हाई पडली.”

पण फौज म्हणजे नुसत्या मूर्ती नव्हेत. अशा खेळात प्रत्येक सैनिकाचे नियम लागतात: तो एका डावात किती इंच चालतो, त्याची गोळी किती लांब जाते, त्याला मारायला फाशावर किती पडावे लागतात. कथेतल्या माणसाला असा आकड्यांत उतरवायचा म्हणजे फार नाजूक काम. दाजींनी शंभर पानी वही केली. माझ्या कथेतलं एकेक वाक्य डावीकडं, त्यावरून निघालेला नियम उजवीकडं. ‘ते दिवसचे दिवस निश्चल उभे राहत’, यावरून नियम: निर्जळा जागचा हलला नाही तर त्याचा नेम सुधारतो. ‘त्यांना गाणी माहीत नव्हती’, यावरून नियम: दुसऱ्या फौजांसारखा जोर चढत नाही, तसा धीरही खचत नाही. मला दर दोन दिवसांनी फोन. “मास्तरीणबाई, पान सात. ‘वाऱ्याच्या वेगाने’ म्हनजे किती इंच?” मी म्हणायची, “दाजी, ते असंच लिहिलं होतं.” ते म्हणायचे, “आसंच कोन लिवतं व्हय? बसा, विचार करा, सांजच्याला फोन करतो.”

अशात एकदा रविवारच्या उपासनेनंतर आमचे पाळकसाहेब दाजींकडे चहाला आले. टेबलावरची फौज बघून ते गंभीर झाले. म्हणाले, माणसानं माणूस घडवायचा, हे देवाच्या कामात हात घालण्यासारखं नाही का?

“साहेब,” दाजी नम्रपणे म्हणाले, “तुमच्या गोठ्यातली होल्स्टिन मीच भरवली व्हती. तवा तुमी खरवस पाठवला व्हता.”

पाळकसाहेब मनमोकळे हसले. पण उठताना त्यांनी एक सैनिक उचलला, आणि अगदी सहज विचारलं, “यांना आत्मा आहे का हो?”

या एका प्रश्नानं दाजी आठवडाभर झोपेतून उठल्यासारखे वावरत होते. रविवारी मी देवळालीला गेले, तर त्यांनी मला टेबलापाशी बसवलं आणि पान बारा उघडलं. “ह्या एक्केचाळीस नंबरला तहान का लागती?”

मी खरं सांगितलं. “शेवट सुचत नव्हता दाजी. अंक छपाईला जायचा होता.”

दाजींना मी रागावलेलं क्वचित पाहिलंय. त्या दिवशी ते रागावले नाहीत, पण वही मिटून माझ्याकडे असं बघत राहिले, की मला वर्गात उभं केल्यासारखं झालं. “आसं न्हाई म्हनायचं,” ते म्हणाले. “आठवा.”

मी आठवायचं म्हणून डोळे मिटले, आणि खरंच आठवलं. भंडारदऱ्याच्या भिंतीवर एक राखणदार बसलेला होता. भर दुपार, डोक्याला फडकं. पलीकडं नजर पोचेल तिथपर्यंत पाणी. आणि त्यानं आमच्या मुलींकडं प्यायला पाणी मागितलं होतं. एका मुलीनं आपली बाटली दिली, तर त्यानं सगळी संपवली आणि लाजून म्हणाला, ‘ड्युटी सोडून खाली उतरता येत न्हाई.’ इतकी वर्षं मी त्या माणसाला विसरले होते.

“मग त्यालाच लागली की तहान,” दाजी म्हणाले, आणि वहीत लिहायला लागले. तो नियम असा: चौथ्या डावापासून, पाण्याजवळ असलेल्या प्रत्येक निर्जळ्यासाठी एक फासा टाकायचा. एक पडला, की त्याला तहान लागली. तो बंदूक खाली ठेवतो, सरळ पाण्याकडं जातो, आणि पाणी प्यायल्यावर तो कोणाचाच सैनिक राहत नाही. कोणाचा हुकूम ऐकत नाही, आणि कोणी त्याला मारायचं नाही.

पुण्यात या खेळाचा मेळावा भरतो. त्यात एक स्पर्धा अशी, की फौजही घरची आणि नियमही घरचे. मात्र नियम आधी पाठवून तपासून घ्यायचे. दाजींनी वही पाठवली. चार दिवसांनी मेळाव्याच्या माणसाचा फोन. फौज अप्रतिम आहे म्हणाला, नियम इतके तोललेले त्यानं पाहिले नव्हते, फक्त तेवढी तहान काढून टाका. “काका, त्यात तुमचाच तोटा आहे. ऐन वेळी तुमचेच सैनिक तुम्हाला सोडून जातील.”

“जाऊ द्या की,” दाजी म्हणाले. “तहान काढली तर मग ती शेळीबी न्हाई आन् मानूसबी न्हाई. निस्तं यंत्र. यंत्राची फौज करायला मी कशाला पायजे?”

आम्ही दोघं एसटीनं निघालो. अक्काचे गुडघे दुखत होते म्हणून सोबतीला मी. कंडक्टरनं मांडीवरचा थर्माकोलचा डबा बघून विचारलं, “लस हाय का?” दाजी म्हणाले, “फौज हाय.” मग कंडक्टर शिक्रापूरपर्यंत आमच्याकडं बघत होता.

सभागृहात गार हवा, तीसेक टेबलं, आणि त्यांवर जगातल्या नाना कंपन्यांचे चकचकीत राक्षस. खांदे दाराएवढे, चिलखतं सोनेरी. त्यात दाजींनी आपले साठ किडकिडे, लोंबत्या कानांचे, पुढं वाकलेले निर्जळे मांडले. बघता बघता टेबलाभोवती गर्दी झाली. कोणीतरी इंग्रजीत काही बोललं आणि हशा पिकला. एक जण मराठीत म्हणाला, “हे सैनिक आहेत की रोजगार हमीवरचे मजूर?” दाजी शांतपणे म्हणाले, “रोजगार हमीवर एक दिस काम करून बघा, मंग सैनिक कोन ते सांगा.” मी काय केलं ते मला सांगायलाच हवं. मी चार खुर्च्या मागं सरकले, आणि दाजींची कोणी नसल्यासारखी हातातल्या बाटलीवरचा कागद वाचत बसले. शिक्षकांच्या खोलीतलं ते हसू माझ्या कानांत पुन्हा वाजत होतं. दाजींनी एकदा वळून पाहिलं, मी दिसले नाही, आणि ते पुन्हा टेबलाकडं वळले. ती पाठ मला अजून दिसते.

मग खेळ सुरू झाला, आणि हसू थांबलं. दाजींची युद्धनीती म्हणजे थांबणं. उभा जन्म गाय विण्याची वाट बघण्यात गेलेला माणूस. घाई त्यांच्या अंगातच नाही. त्या स्पर्धेत प्रत्येक फौजेला रसद पोचवावी लागे, आणि जेवढं अंग मोठं तेवढी रसद जास्त. पहिल्या डावांत ते राक्षस धावून आले, दाजींचे दहा-बारा गडी पडले. बाकीचे जागचे हलले नाहीत. चौथ्या डावाला राक्षसांची रसद तुटली, ते इंचा-इंचानं चालायला लागले, आणि निश्चल उभ्या निर्जळ्यांचा नेम चुकेना. पहिला सामना दाजींनी जिंकला. दुसराही जिंकला. दुपारी भोवतालची गर्दी तीच होती, पण आता दाजी फासा टाकताना लोक माना पुढं काढून बघत होते. मी खुर्ची ओढून पुढं आले, पार त्यांच्या शेजारी. “आलात का,” एवढंच ते म्हणाले.

शेवटचा सामना एका निळे केस केलेल्या मुलीशी होता. मोठी हुशार मुलगी. तिनं आधीचे दोन्ही सामने उभं राहून पाहिले होते, त्यामुळं तिनं धावाधाव केलीच नाही. रसद जपली, थोडेच राक्षस पुढं धाडले. टेबलाच्या मध्यावर दाजींनी स्वतः केलेलं धरण मांडलेलं, आणि शेवटच्या डावाअखेर ज्याचा सैनिक धरणाच्या दरवाजावर तो जिंकणार. डाव संपत आला तेव्हा दरवाजावर एकच निर्जळा उरला होता. तळाशी नंबर लिहिलेला, एक्केचाळीस. मुलीचा राक्षस दोन इंचांवर, पण दरवाजा अडलेला होता. आता उरला तो एक्केचाळीसच्या तहानेचा फासा, एक सोडून काहीही पडलं की दाजी जिंकले.

दाजींनी फासा टाकला. एक.

ती मुलगी हळूच म्हणाली, “काका, टेबल हललं होतं. परत टाका ना. माझी काही हरकत नाही.” मागून दोघं-तिघं म्हणाले, “हो हो, परत टाका.” मलाही मनातून वाटत होतं, टाकावा.

“न्हाई ताई,” दाजी म्हणाले. “त्याला तहान लागली.”

त्यांनी एक्केचाळीसच्या हातातली निळी कांडी काढून दरवाजावर आडवी ठेवली. मग टेप लावून, एकेक इंच मोजून, त्याला भिंतीवरून उतरवत पाण्यापाशी नेलं. मुलीनं आपला राक्षस रिकाम्या दरवाजावर ठेवला आणि ती जिंकली. पण तिनं हात वर केले नाहीत की ओरडली नाही. खाली वाकून ती त्या किडकिड्या सैनिकाकडं बघत राहिली. मग विचारलं, “हे कुणाला सुचलं, काका?”

दाजींनी माझ्याकडं बोट केलं. “लेखिका ह्या बसल्यात. मी निस्तं भाषांतर केलंय.”

माझ्या आयुष्यात मला कोणी लेखिका म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा. पन्नाशी उलटलेल्या बाईनं परक्या गावात, परक्या पोरांसमोर रडू नये एवढी अक्कल मला आहे. ती त्या दिवशी कामाला आली नाही.

ती वही त्या मुलीनं मागून नेली, स्वच्छ टाईप करून घेतली, आणि मग ती आमच्या हातातून सुटलीच. आज नाशिकला निर्जळे आहेत, बंगळुरूला आहेत, कोल्हापूरला तर एकानं त्यांना फेटे बांधलेत. कोणी कान आखूड केले की दाजी फोनवर तासभर समजावतात. कितीतरी जणांनी तहानेचा नियम वगळून खेळून पाहिला, आणि ‘मजा येत नाही’ म्हणून परत घेतला. माझी गोष्टही पुन्हा छापली गेली, वहीच्या सुरुवातीला. जी पंचवीस माणसांनी हसून सोडून दिली होती, ती किती जणांनी वाचली असेल, मला ठाऊक नाही. पण एका माणसानं ती नीट वाचली होती, तेवढ्यानं हे सगळं झालं.

गेल्या दोन वर्षांत दाजींच्या डोळ्यांत काचबिंदू वाढला. आता त्यांना उजेड कळतो, माणसाचा आकार कळतो, चेहरा कळत नाही. पायांकडून चेहऱ्याकडं जाणारी ती नजर आता आवाजावर काम भागवते. पण नवी तुकडी करायचं थांबलेलं नाही. पुट्टी ते बोटांनी मळतात, सांगाडा बोटांनीच वळवतात, आणि रंग मी देते. रविवारी उपासना झाली की आम्ही ओसरीवर बसतो, अक्का तांदूळ निवडते, मी ब्रश धरते, दाजी समोर बसून विचारतात, “झालं का? कसा दिसतो?” माझ्या हातून रंग रेषेबाहेर जातो. एकदा मी सांगितलं, “छान झालाय.” ते म्हणाले, “मला दिसत न्हाई म्हनून खोटं नका सांगू.” तेव्हापासून खरं सांगते. परवा म्हटलं, “दाजी, हा जरा तिरळा झाला.”

“आसू द्या,” ते म्हणाले. “कळपात एखादा असतोच.”

मग तो सैनिक मी त्यांच्या तळहातावर ठेवते. सांगते, रंग ओला आहे, हात लावू नका. ते लावतातच. अंगठा हळूच त्याच्या पाठीवरून फिरवतात, खांद्याचा बाक तपासतात, मान हलवतात आणि परत देतात. त्यामुळं या नव्या तुकडीतल्या प्रत्येकाच्या पाठीवर ओल्या रंगात अंगठ्याचा एक ठसा उमटलेला आहे. त्या निळ्या केसांच्या मुलीनं फोटो पाहून विचारलं होतं, ही कसली खूण, आम्हीही काढायची का? मी तिला कळवलं, की ती तुम्हाला काढता येणार नाही. आणि ब्रश हातात असूनही मी ती बुजवत नाही.